गादी घोडी आणि माझे पाय

“माणूस सामानासारखा बांधून नेता येत नाही, ताई,” तबेलेवाले म्हणाले. ते माझ्या दुकानात आरशासमोरच्या लाकडी ठोकळ्यावर उभे होते आणि मी त्यांच्या विजारीला टाचण्या लावत होते. एखादी टाचणी जरा आत गेली असती तर मला फारसं वाईट वाटलं नसतं.

मी काही त्यांच्याकडे जगावेगळं मागितलं नव्हतं. डोंगरावरच्या धरणाकडे जाणारा रस्ता दरड कोसळून बंद झाला होता. तेव्हापासून वरच्या वस्तीला पीठ, औषधं, टपाल सगळं यांच्याच घोड्यांवरून जात होतं. त्या वस्तीत माझी लेक राहते, जावई तिथल्या वीजघरात कामाला आहेत. लेकीचे दिवस भरत आले होते. मी बसचं तिकीट काढलं होतं, बॅग भरून दाराशी ठेवली होती, आणि नेमकी तेव्हाच दरड कोसळली. नातीने काही रस्त्याची वाट पाहिली नाही. ती जरा लवकरच आली, तिथल्याच छोट्या दवाखान्यात, आणि मी इथे खाली कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत बसले होते. अजून मी तिला हातात घेतलं नव्हतं. फोनवर दिसायची, पण फोनवर सगळीच बाळं एकसारखी दिसतात.

चालत जावं तर माझा उजवा गुडघा. सपाटीवर तो शहाण्यासारखा वागतो, मशीनवर तर त्याची काही तक्रारच नसते, पण चढ दिसला की रुसून बसतो. म्हणून मी तबेलेवाल्यांना म्हटलं, “एक घोडा द्या. तुम्ही पुढे, मी मागे. पोती जातात तशी मी जाईन.”

“पोतं घाबरत नाही,” ते म्हणाले. “वाटेत एक कडा आहे. तिथे घोडे एकामागोमाग एक जातात, बाजूने माणूस चालायला जागा नाही. मग तुमचा लगाम कोण धरणार? मी थांबा म्हटलं की घोडा जागच्या जागी थांबवता आला पाहिजे. पुढे दरडीचा पट्टा आहे, वरून दगड येतात. तिथे रमतगमत चालत नाही, दुडकीने निघून जावं लागतं. ज्याला थांबता येत नाही आणि दुडकीवर बसता येत नाही, त्याला मी नेत नाही. माझा बाप असता तरी नेला नसता.”

“मग शिकवा.”

त्यांनी आरशातून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी रोज लोकांकडे असंच बघते, पण स्वतःवर ती पाळी आली की बरं वाटत नाही.

“वय काय तुमचं, ताई?”

“तुमच्या कमरेचं माप मी कुणाला सांगत नाही,” मी म्हटलं. “तुम्हीही माझं वय विचारू नका.”

ते हसले. हसताना पोट आत ओढायचं विसरले, त्यामुळे मला एकदाचं खरं माप मिळालं. उद्यापासून या म्हणाले.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. माझा नवरा गेल्यापासून आम्ही दोघी दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहतो. खाली माझी पायमशीन भिंतीला लागून आहे आणि बरोबर समोर, खिडकीपाशी, वन्संची खुर्ची. त्या काजं करतात, बटणं लावतात, आणि एकेक टाका घालता घालता एकेक टोमणाही मारतात. त्यांच्याइतकं जिवाला जीव देणारं माणूस मला दुसरं नाही, पण हे त्यांच्या तोंडावर सांगायची सोय नाही, लगेच विषय बदलतात.

“उंटावरचा शहाणा ऐकला होता,” त्या म्हणाल्या, “घोड्यावरची शिंपीण पहिल्यांदाच ऐकते आहे. आणि पडलीस म्हणजे?”

“तुम्ही आहात की टाके घालायला.”

त्यांनी मान हलवली आणि टेप उचलला. घोड्यावर बसायचं तर विजार हवी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विजारी शिवल्या, स्वतःसाठी ही पहिलीच. माप वन्संनी घेतलं आणि दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मोठ्याने वाचून दाखवलं. तबेलेवाल्यांच्या विजारीला मी वर्षानुवर्षं मांडीच्या आतल्या बाजूने दुहेरी कापड लावत आले होते आणि दरवेळी मनात म्हणायचे, हा माणूस बसतो तरी कसा. पहिल्याच दिवशी मला ते कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्याही विजारीला दुहेरी कापड लागलं.

तबेला गावाबाहेर, लाकडाच्या वखारीच्या मागे. पत्र्याचं छप्पर, खाली एका रांगेत घोड्यांचे कप्पे, भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांवर खोगिरं. प्रत्येक खुंटीखाली खडूने घोड्याचं नाव. ओल्या पेंढ्याचा आणि चामड्याचा वास. तो वास मला आवडला, हे मी वन्संना मुद्दाम सांगितलं नाही. मी आधी खोगिराचे टाके पाहिले. मेण लावलेल्या दोऱ्याचे, हाताने घातलेले, एकसारखे. ज्या घरात टाके नीट असतात तिथे बाकीच्या गोष्टीही बहुधा नीट असतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्या वाट्याला आलेल्या घोडीचं नाव गादी. रंग धुऊन धुऊन विटलेल्या चादरीचा. पाठ चांगली ऐसपैस, आणि स्वभाव असा की उभ्या उभ्या झोपायची. “हिला थांबायला कारण लागत नाही,” तबेलेवाले म्हणाले, “चालायला लागतं. नवीन माणूस आला की हीच देतो. टाचा लावल्या की चल, लगाम धरून जरा मागे बसलात की थांब. तिला सगळं येतं, तुम्ही फक्त मध्ये मध्ये करू नका.”

पायऱ्यांच्या चौथऱ्यावरून मी वर चढले. खाली उभं राहून घोडा एवढा उंच वाटत नाही. वर बसल्यावर जमीन एकदम लांब गेली आणि माझी पाचावर धारण बसली. पाय रिकिबीत होते, लगाम हातात होता, आणि लगामाचं काय करायचं हे मी साफ विसरले होते. मी जीव मुठीत धरून, सगळं लक्ष एकवटून नुसती बसून राहिले.

गादी चालायला लागली.

“थांबा, अजून सांगितलं नाही मी,” तबेलेवाले म्हणाले.

“मी कुठे काय केलं?”

त्यांनी तिला धरून परत आणलं. मी पुन्हा लक्ष देऊन बसले. गादी पुन्हा निघाली. वाळूच्या रिंगणात आम्ही फिरत राहिलो, मी लगाम ओढतेय, गादी मान वर करतेय, क्षणभर अडखळतेय आणि पुन्हा चालायला लागतेय. जी घोडी लोकांच्या विनवण्यांनी जागची हलत नाही, ती माझ्या खाली उभी म्हणून राहीना.

“पाय मारू नका, ताई.”

“मी पाय मारत नाहीये.”

“मग ती का चालतेय?”

“तिला विचारा. घोडी तुमची आहे.”

रोज तेच. तबेलेवाले स्वतः बसले की गादी डोळे मिटून उभी. मी बसले की हिची स्वारी निघाली. मी त्यांना म्हटलं, तुमची घोडी बिघडलेली आहे. ते म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. शिवणकामात मला असं कुणी बोललं असतं तर त्याला मी त्याचं कापड परत देऊन वाटेला लावलं असतं. इथे मला गरज होती, म्हणून गप्प बसले. गप्प बसणं माझ्या अंगाला मानवत नाही, त्या दिवशी डोकं दुखलं.

शेवटी त्यांनी स्पष्टच सांगितलं. खोगीर उतरवता उतरवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “राग मानू नका. पण हे असं असेल तर पुढच्या खेपेला मी तुम्हाला नेणार नाही. कड्यावर घोडी थांबली नाही तर पुढच्या घोड्याला ढकलेल. उद्या एकदा शेवटचं बघू. नाही जमलं तर रस्ता होईपर्यंत थांबा.”

रस्ता कधी होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. खालच्या गावात काहीजण म्हणत होते की वर्ष सहज जाईल.

संध्याकाळी लेकीला फोन केला. मागे बाळ रडत होतं. रस्ता तुटल्यापासून वीजघरातली निम्मी माणसं खालीच अडकली होती, त्यामुळे जावयांना स्वतःचं काम करून दुसऱ्याचंही करावं लागत होतं. लेक दिवसभर एकटी. माझी लेक हट्टी आहे, बोलायला लागल्यापासून तिचं एकच वाक्य, मी करीन. बुटाची नाडी मी बांधीन, शाळेत एकटी जाईन, त्या डोंगरावर संसार मी करीन. ती म्हणाली, “आई, ही झोपतच नाही गं. खाली ठेवली की रडते, उचलली की रडते. मला आता कळतच नाही मी काय करतेय ते.” मग म्हणाली, “तू ये ना.”

“येते,” मी म्हटलं. “छान जमतंय मला. तू काळजी करू नकोस.”

फोन ठेवला आणि मशीनपाशी बसून रडले. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा ये म्हणाली होती आणि मला जाता येत नव्हतं. तीसुद्धा अशीच होती लहानपणी, झोपेची वैरीण. चिंध्यांच्या टोपलीत घालून मी तिला मशीनखाली, माझ्या पायांशी ठेवायचे. मशीन चालू असेपर्यंत झोपायची, थांबली की डोळे उघडायची. काम संपलं तरी मी सुईतला दोरा काढून मशीन मारत राहायचे. वन्सं विचारायच्या, दोरा नाही, कापड नाही, काय शिवतेस? मी म्हणायचे, हिची झोप.

वन्संनी मला रडताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी निघाले तर त्या कोट आणि बटणांची पिशवी घेऊन दारात तयार.

“तुम्ही कुठे?”

“घोडामैदान जवळच आहे म्हणे. बघावं म्हटलं.”

त्या रिंगणाच्या कडेला बाकावर बसल्या, कोट मांडीवर घेतला, चष्मा नाकावर सरकवला. मी वर चढले. मनात ठरवलं होतं की आज हलायचंच नाही, दगडासारखं बसायचं. लगाम धरला, पाठ ताठ केली, गादीच्या कानांकडे डोळे लावले.

गादी चालायला लागली.

तबेलेवाल्यांनी कपाळाला हात लावला. आणि बाकावरून हसण्याचा आवाज आला. वन्सं अशा हसत होत्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मला इतका राग आला की खाली उतरता येत असतं तर मी उतरले असते.

“अहो, ती मशीन मारतेय,” वन्सं म्हणाल्या.

“काय मारतायत?”

“मशीन. पायमशीन. तिचे पाय बघा. टाच, चवडा, टाच, चवडा. हिचं डोकं कशात गुंतलं की पाय चालू होतात. जेवताना होतात, दवाखान्यात नंबर लावून बसली की होतात. समोर बसून बसून मला आता ते दिसतही नाही. तुमच्या घोडीला दिसतं.”

मी खाली पाहिलं. रिकिबीत माझे दोन्ही पाय संथपणे, एका लयीत, खालीवर होत होते आणि प्रत्येक वेळी टाच गादीच्या कुशीला लागत होती. मला त्याचा पत्ताच नव्हता. बिचारी गादी गेले इतके दिवस फक्त सांगितलेलं ऐकत होती. मी टाचेने चल म्हणत होते आणि लगामाने थांब, आणि वर बिघडलेली म्हणून तिलाच नावं ठेवत होते. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

तबेलेवाले माझ्या पायांकडे बघत राहिले. “मी घोडीचं तोंड तपासलं, दात तपासले,” ते म्हणाले. “पाय बघायचे राहिलेच.”

कारण कळलं म्हणून इलाज सापडला असं नाही. पाय थांबवायचे म्हणून मी पायांवर लक्ष ठेवलं, की डोकं त्यात गुंतायचं, आणि डोकं गुंतलं की पाय चालू. गुडघे आवळून पाहिले तर गादीला वाटलं आणखी जोरात चला म्हणतायत. आम्ही रिंगणात भराभर फिरायला लागलो.

“जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही,” वन्सं बाकावरून म्हणाल्या.

“मग अवघड आहे,” तबेलेवाले म्हणाले.

“खोड जायची नाही म्हटलं मी. अवघड आहे म्हटलं नाही.” वन्संनी कोट बाजूला ठेवला आणि उठून कठड्यापाशी आल्या. “ए, इकडे बघ. दुकानात मशीन थांबवतेस तेव्हा काय करतेस?”

“काय करते? थांबवते.”

“हाताने काय करतेस?”

मला विचार करावा लागला. रोज हजारदा केलेली गोष्ट शब्दांत सांगता येत नाही. मग हातच पुढे गेला. मशीन थांबवायची तर मी उजवा तळवा हातचाकावर ठेवते. चाक थांबतं आणि त्याबरोबर पाय थांबतात. पायांना मी काही सांगत नाही, तळवाच सांगतो.

“मग ठेव ना तळवा,” वन्सं म्हणाल्या.

मी लगाम डाव्या हातात घेतला आणि उजवा तळवा गादीच्या मानेवर, उजव्या अंगाला, सपाट ठेवला. मान गरम होती. माझे पाय थांबले. गादी थांबली. तिने एक सुस्कारा सोडला, मागचा एक पाय सैल केला आणि डुलकी काढायला लागली. तिलाही बऱ्याच दिवसांनी सुख लागलं असावं.

आम्ही पुन्हा करून पाहिलं, आणि पुन्हा. तबेलेवाले वखारीच्या बाजूने अचानक थांबा ओरडायचे, मी तळवा ठेवायचे, गादी थांबायची. “असं मी कुणाला शिकवलेलं नाही,” ते म्हणाले, “आणि यापुढेही शिकवणार नाही. पण चालतंय.” मला इतका आनंद झाला की मी गादीच्या मानेवरचा हात काढायचंच विसरले, त्यामुळे ती बराच वेळ चालेना.

उरली दुडकी. दुडकीत घोडा अंग उडवतो. त्याबरोबर खोगिरावरून किंचित उठायचं आणि पुन्हा हलकेच बसायचं, नाहीतर हाडं खिळखिळी होतात. तबेलेवाले रिंगणाच्या मधोमध उभे राहून ‘उठा, बसा, उठा, बसा’ म्हणत होते आणि मी बरोबर उलटं करत होते. त्यांचं उठा माझ्या कानांत पोचेपर्यंत गादीचं बसा झालेलं असायचं. दातांवर दात आपटत होते. वन्सं म्हणाल्या, काजं वाकडी होतायत, मला बघवत नाही, आणि पाठ करून बसल्या.

मला राग आला की मी हट्टाला पेटते. मी त्यांचं उठा-बसा ऐकायचंच सोडून दिलं. जो पाय इतके दिवस शिव्या खात होता, त्यालाच म्हटलं, चल, चालव तू. मोठ्या पडद्याची लांब सरळ टीप मारायची असली की मी सुईकडे बघत नाही, पुढे कापडाच्या टोकाकडे बघते, आणि पाय आपोआप लय धरतात. तसंच समोरच्या भिंतीकडे पाहिलं. टाच, चवडा. टाचेला अंग खाली, चवड्याला वर. दोन-चार हिसके बसले आणि मग एकदम सगळं गुळगुळीत झालं. खालून घोडी वर येत होती आणि मी तिच्याबरोबर वर जात होते, गुडघ्याची काही तक्रार नव्हती, वारा तोंडावर लागत होता. मी हसत होते, हे मला वन्संनी नंतर सांगितलं.

तबेलेवाल्यांनी ‘उठा, बसा’ म्हणणं कधी थांबवलं मला कळलं नाही. आम्ही थांबलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पुढच्या खेपेला चला. सामान थोडं घ्या.”

निघायच्या सकाळी वन्संनी एक गाठोडं माझ्या हातात दिलं. त्यात झबली होती, सगळी हातशिवणीची, गळ्याला मऊ पट्टी, आणि बटणाऐवजी बंद, बाळाला टोचू नये म्हणून. कधी शिवली विचारलं तर म्हणाल्या, “तू घोड्यावर नाचत होतीस तेव्हा.” मग माझ्या विजारीवरचा एक धागा काढला, तो उगाच बोटावर गुंडाळत राहिल्या. “पोचलीस की फोन कर,” म्हणाल्या. टोमणा नाही, काही नाही. मला तेच जड गेलं.

डोंगर तसा सोपा निघाला. पुढे तबेलेवाले, मध्ये पोती लादलेले घोडे, शेवटी मी. कडा आला तेव्हा मी दरीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि साहजिकच आधी दरीकडेच पाहिलं. तेवढ्यात पुढच्या घोड्यावरचं पिठाचं पोतं कलंडलं. तबेलेवाले ओरडले, “थांबा सगळे.”

मी घाबरले. मी घाबरले आणि माझं सगळं लक्ष त्या पोत्यात गुंतलं, आणि टाच लागल्याचं मला उशिराच कळलं. गादीने पाऊल उचललं. तिचं नाक पुढच्या घोड्याच्या शेपटीला टेकलं आणि तो घोडा बिथरून बाजूला झाला, दरीकडे. मी तळवा तिच्या मानेवर ठेवला. जोरात नाही, हातचाकावर ठेवते तसाच. पाय थांबले, गादी थांबली, आणि पुढचा घोडा हळूहळू पुन्हा वाटेवर आला. तबेलेवाल्यांनी उतरून, घोड्यांच्या पोटाखालून वाकत मागे येऊन दोर आवळला. त्यांना वेळ लागला. तोवर मी गादीच्या कानांकडे बघत राहिले आणि तळवा उचलला नाही. निघताना त्यांनी मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मग दरडीचा पट्टा. ते दुडकी म्हणाले आणि मी मनातल्या मनात पडदा अंथरला, चांगला लांब, आणि टीप मारत निघाले. वरून चार खडे घरंगळले, ते आमच्या मागे पडले. पलीकडे पोचल्यावर मला थांबावंसंच वाटेना.

लेक दारात उभी होती. अंगात जावयांचा स्वेटर, केस विंचरलेले नाहीत, खांद्यावर बाळ. डोळ्यांखाली एवढं काळं मी तिच्या परीक्षेच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे वर बघत राहिली, मग घोडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“आई, तू विजार घातलीस?” ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

मी उतरले तेव्हा पाय जमिनीवर ठरेनात, खोगिराला धरून उभं राहावं लागलं. मग मी दोघींना जवळ घेतलं. बाळाच्या डोक्याला दुधाचा वास होता. आत खोलीत खिडकीभर दुपटी वाळत होती, टेबलावर बाटल्या, जमिनीवर बाटल्या, आणि मध्ये एक सरळ पाठीची खुर्ची. मी नातीला हातात घेतलं आणि सवयीने आधी तिचा खांदा पाहिला. वन्संची झबली जरा सैल होणार होती. सैल बरी, पोर वाढतं. मला ती फोनवरच्यापेक्षा कितीतरी वेगळी दिसली, हनुवटी सरळ सरळ वन्संची.

मग तिने तोंड उघडलं. खांद्यावर घेतलं, पालथं घेतलं, पाठ थोपटली, खिडकीशी नेलं, काही उपयोग झाला नाही. मी खुर्चीत बसले, तिला मांडीवर आडवी घेतली आणि विचार करायला लागले. पोट दुखत असेल का, बाटलीचं दूध जास्त होत असेल का, दुपट्याची गाठ टोचत असेल का. लेक माझ्या पायाशी जमिनीवर बसली आणि मला सगळं सांगायला लागली, दवाखान्यातली नर्स काय म्हणाली, बाटली किती वेळ उकळते, रात्री काय काय करून पाहिलं. मी ऐकत होते आणि विचार करत होते. तिचं बोलणं हळू होत गेलं, एका वाक्याच्या मध्येच थांबलं.

बाळाचं रडणं थांबलं होतं, ते मला तेव्हा जाणवलं. मला वाटलं, झोपली. पाहिलं तर ती टक्क जागी, छताकडे बघत, आणि माझ्या मांडीवर संथपणे खालीवर होत होती. टाच, चवडा, टाच, चवडा. गुडघ्याशी काहीतरी जड लागलं म्हणून वाकून पाहिलं. लेकीने डोकं माझ्या पायाला टेकवलं होतं, तोंड थोडं उघडं, हात जमिनीवर सैल पडलेला. बाळाच्या आधी तीच झोपली होती.

मला रडू आलं, पण हुंदका दिला असता तर लय मोडली असती. बऱ्याच वेळाने बाळाचेही डोळे मिटले. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. बाहेर तबेलेवाले पोती उतरवत होते आणि गादी उभ्या उभ्या झोपली होती. मग दार हळूच वाजलं आणि जावई आत आले, हातात बूट, काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि पाय चालू ठेवले.